उमेदवार ‘फौजी’ आहे म्हणे! खरं कसं ओळखायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नमस्कार मंडळी. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. कुणाचा तरी उमेदवार स्वतःला माजी सैनिक म्हणवतोय आणि समोरची पार्टी म्हणतेय की हा फौजेत नव्हताच, किंवा होता पण सांगतो तसा नव्हता. मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून नोकरी केलीय, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. उमेदवारांची नावं छापत नाही, पत्र लिहिणाऱ्यांचीही नाहीत, फक्त गाव-तालुका. आणि आधीच सांगतो, मला या विषयाचा राग येतो. न मिळालेल्या मानावर मतं मागणाऱ्याचा येतो, आणि खऱ्या फौजीवर चिखल उडवणाऱ्याचा त्याहून जास्त येतो, तेव्हा उत्तरं लांबली तर चालवून घ्या.

प्रश्न (गुहागर): आमच्याकडच्या उमेदवाराने सगळ्या बॅनरवर ‘कारगिल योद्धा’ लिहिलंय, छातीवर पाच पदकं असलेला फोटो आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतायत की १९९९ ला हा राजस्थानात होता, कारगिल याने बघितलंपण नाही. पण मग पाच पाच पदकं खोटी कशी असतील?

उत्तर: पदकं खोटी नसतीलच, ते आधी डोक्यातून काढा. गडबड पदकात नाही, बॅनरवरच्या दोन शब्दांत आहे.

फौजेत पदकं दोन तऱ्हेची असतात. एक शौर्याची, म्हणजे परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, तिकडे अशोक, कीर्ती, शौर्य चक्र, सेना मेडल वगैरे. ही नावानिशी जाहीर होतात, बहुतेक करून २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला, आणि भारताच्या राजपत्रात छापली जातात. दुसरी पदकं सेवेची. नऊ वर्षं चांगली नोकरी झाली की एक, वीस वर्षं झाली की एक, कठीण भागात ड्युटी केली की सैन्य सेवा मेडल, आणि १५ ऑगस्ट १९९७ ला जो जो वर्दीत होता त्याला स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं मेडल. म्हणजे वीसेक वर्षं इमानाने नोकरी केलेल्या कुठल्याही हवालदाराच्या छातीवर चार-पाच पदकांची ओळ सहज असते, आणि ती त्याने कमावलेली असते, कुणी फुकट दिलेली नसते.

आता कारगिल. त्या लढाईची पदकंसुद्धा दोन आहेत आणि इथेच लोक फसतात. प्रत्यक्ष द्रास, कारगिल, बटालिक त्या भागात जे होते त्यांना ‘ऑपरेशन विजय स्टार’. आणि त्याच काळात बाकी सीमेवर ज्यांच्या युनिटी हलवल्या होत्या, बंकर खणून बसल्या होत्या, त्यांना ‘ऑपरेशन विजय मेडल’. राजस्थानात असलेल्या जवानाकडे मेडल असू शकतं, अगदी खरं, सरकारने दिलेलं. स्टार नसणार. तुमच्या उमेदवाराला एकच विचारायचं, दादा, तुमच्याकडे स्टार आहे की मेडल? खरा फौजी असेल तर प्रश्न ऐकल्या ऐकल्या त्याला कळेल तुम्ही काय विचारताय. आणि उत्तर ‘मेडल’ आलं तर तो माणूस खोटा फौजी ठरत नाही, पण त्याने बॅनर बदलावा. ‘१९९९ साली सीमेवर तैनात’ एवढं लिहिलं असतं तर कुणाची बोट ठेवायची टाप नव्हती, आणि त्यात कमीपणा तरी काय होता?

जवळून बघायला मिळालं तर पदकाची कड बघा. सरकारी पदकाच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. कोरं असेल तर लगेच ओरडू नका, कारण बरेच जण अस्सल पदक घरी कपाटात ठेवून कार्यक्रमाला दुकानातून घेतलेली डुप्लिकेट लावतात, ते चालतं. पण मग अस्सल दाखव म्हणायला हरकत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे डिस्चार्ज बुक. जवान घरी येतो तेव्हा त्याला हे पुस्तक मिळतं, त्यात भरती कधी, सुटका कधी, कुठल्या नियमाखाली सुटला, शेवटचा हुद्दा काय, कॅरेक्टर म्हणजे वर्तनाचा शेरा काय आणि मिळालेली पदकं कुठली, सगळं लिहिलेलं असतं. आमच्यावेळी ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे सगळ्यात वरचा, शेरा मिळालेला माणूस ते पान गावभर दाखवत फिरायचा. ज्याला मतं हवीत त्याने ते पान दाखवायला काय हरकत आहे, घरचा पत्ता-बिता झाकून दाखवा पाहिजे तर.

प्रश्न (देवगड): आमचो उमेदवार सांगता की तो पंधरा वर्सां नेव्हीत होतो. गावातले जाणते म्हणतत तो मर्चंट नेव्हीत होतो. दोन्ही जहाजाच ना? मगे फरक काय आणि कोणाक इचारूचा?

उत्तर: हा प्रश्न आपल्या किनाऱ्याचाच आहे, घाटावर कुणाला पडणार नाही. आपल्याकडे प्रत्येक वाडीत कोणीतरी बोटीवर असतं आणि घरची मंडळी सरसकट ‘तो नेव्हीत आसा’ सांगून मोकळी होतात. लग्नाच्या बाजारात चालून जातं. मतं मागताना नाही चालणार.

भारतीय नौदल म्हणजे देशाचं सैन्य, तिथला माणूस १९५७ च्या नौदल कायद्याने बांधलेला, हुकूम मोडला तर कोर्ट मार्शल. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू, टँकर, प्रवासी जहाजांवरची नोकरी, कंपनी पगार देते, करार संपला की माणूस घरी. त्याच्याकडे सीडीसी असते, जहाजावर कधी चढला कधी उतरला त्याच्या नोंदीची पुस्तिका. नौदलातून सुटलेल्या खलाशाकडे सेवेचा दाखला असतो आणि त्याचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये असतं. उमेदवाराला विचारा, पुस्तक कुठलं आहे तुमच्याकडे? दोन मिनिटांत निकाल लागतो.

याच्या मधले लोकही आहेत हे लक्षात ठेवा, नाहीतर अन्याय व्हायचा. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात आपल्या कोकणातले किती फिटर, वेल्डर, रंगारी नोकरीला होते, ते संरक्षण खात्याचे कर्मचारी पण सिव्हिलियन, सैनिक नव्हेत. कोस्ट गार्डवाले संरक्षण मंत्रालयाखालीच येतात, १९७८ च्या कायद्याने ते सशस्त्र दल आहे, पण ते नौदल नाही. बीएसएफ, सीआरपीएफ गृह मंत्रालयाची. बंदूक त्यांच्याही हातात असते, जीव त्यांचाही जातो, पण सरकारी कागदावर ‘माजी सैनिक’ ही व्याख्या सैन्य, नौदल, हवाई दलासाठी आहे.

आणि देवगडकर, कृपा करून मर्चंट नेव्हीवाल्याला हिणवू नका. दोन्ही महायुद्धांत मालवाहू बोटींवरचे हिंदुस्थानी खलाशी समुद्राच्या तळाशी गेलेत, मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची स्मृती आहे, कधी गेलात तर बघून या. पण ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, त्यांच्या रांगेत उभं राहून कुणी ‘मीपण नेव्हीचाच’ म्हणत असेल तर पुरावा मागायचा हक्क आपल्याला आहे. तो माणूस टँकरवर पंधरा वर्षं राबला असेल तर तेच सांगू दे की, आमच्या मच्छीमारांना आणि बोटीवर जाणाऱ्या पोरांना तर असा आमदार जास्त उपयोगाचा.

प्रश्न (दापोली): व्हॉट्सॲपवर एका उमेदवाराच्या ‘डिस्चार्ज’ कागदाचा फोटो फिरतोय, त्यात त्याला गैरवर्तनासाठी काढून टाकल्याचं लिहिलंय. आमच्या ग्रुपमध्ये भांडणं लागलीत. मी फॉरवर्ड करू की नको? आणि माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड मागवता येईल का?

उत्तर: फॉरवर्ड करू नका. कागद खरा असला तरी अजून तुम्हाला माहीत नाही, आणि खोटा असला तर तुम्ही नुसती बदनामी नाही करत, उलट त्या माणसाला वाचवताय.

कसं ते सांगतो. अमेरिकेत २००४ च्या निवडणुकीत हेच झालं, एकदा नाही, दोन्ही बाजूंनी. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश परत उभे होते. तरुणपणी ते टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव हवाई दलात, पायलट होते, व्हिएतनामला गेले नाहीत, आणि १९७२ च्या सुमाराला त्यांची हजेरी कुठे होती यावर खरोखरचे प्रश्न होते, पत्रकार रीतसर रेकॉर्ड काढून विचारत होते. मग ८ सप्टेंबरला सीबीएस चॅनेलने काही मेमो दाखवले, बुशच्या तेव्हाच्या कमांडिंग ऑफिसरचे म्हणून, आणि तो ऑफिसर तर १९८४ लाच वारलेला. दुसऱ्या दिवसापासून लोक त्या कागदांची अक्षरं बघायला लागले, की १९७३ च्या टाइपरायटरवर असं टायपिंग येतं का, हे तर कॉम्प्युटरवरचं दिसतंय. २० सप्टेंबरला चॅनेलला सांगावं लागलं की हे कागद अस्सल आहेत असं आम्ही सिद्ध करू शकत नाही. अँकर डॅन रादर पुढच्या मार्चमध्ये त्या खुर्चीवरून उतरला. आणि हजेरीचा मूळ प्रश्न? तो कोणी परत विचारलाच नाही धड. म्हणून म्हणतो, संशयाला थोडी जरी जागा खरी असेल तर बनावट कागद हा त्या उमेदवाराचा सगळ्यात मोठा मित्र.

दुसऱ्या बाजूला बुशच्या विरोधात उभा असलेला जॉन केरी. हा माणूस व्हिएतनामला नदीत गस्ती बोटीवर कमांडर होता, सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार, जखमी झाल्याचे तीन पर्पल हार्ट. त्याच्याविरुद्ध माजी नौसैनिकांच्या एका गटाने जाहिराती काढल्या की पदकं लबाडीने मिळवली. त्याच्या स्वतःच्या बोटीवरचे बहुतेक सगळे जण त्याच्या बाजूने उभे राहिले, नौदलाच्या इन्स्पेक्टर जनरलने कागद बघून पदकं रीतसर मंजूर झाल्याचं सांगितलं, पण तोवर जाहिरातींनी काम केलेलं होतं, केरीने उत्तर द्यायलाही उशीर केला आणि पूर्ण रेकॉर्ड उघडं केलं ते निवडणूक हरल्यावर २००५ ला. केरीच्या बाबतीत जे झालं ते मला आजही सलतं. जो गेला, जखमी झाला, त्याला खुलासे देत फिरावं लागलं.

आता तुमच्या कागदाकडे. रेकॉर्ड ऑफिसातला माणूस काय बघेल ते सांगतो: नंबर त्या रेजिमेंटच्या पद्धतीचा आहे का, हुद्दा आणि नोकरीची वर्षं जुळतात का, सुटकेच्या कारणापुढे नियमाचा नंबर आहे का. फौजेत कुणाला ‘गैरवर्तनामुळे हाकलला’ असं मोघम लिहून सोडत नाहीत, कुठल्या नियमाखाली ते असतंच. पण हे सगळं मोबाइलवरच्या फोटोत बघून ठरवणं धोक्याचं, नंबर आणि शिक्के आजकाल पोरंसुद्धा बनवतात.

माहितीच्या अधिकाराचं म्हणाल तर दुसऱ्याचं सर्व्हिस रेकॉर्ड सहसा मिळत नाही, ती वैयक्तिक माहिती धरतात, सुप्रीम कोर्टाने २०१२ ला गिरीश देशपांडे यांच्या केसमध्ये सरकारी नोकराच्या सेवा-नोंदींबद्दल तसंच सांगितलंय. स्वतःचं रेकॉर्ड मात्र उमेदवार कधीही मागू शकतो, म्हणून चेंडू त्याच्याच अंगणात आहे.

आणि बडतर्फीबद्दल कायदाच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीतून भ्रष्टाचार किंवा देशाशी बेइमानी यासाठी काढलेला माणूस पाच वर्षं उभाच राहू शकत नाही. आणि पाच वर्षांच्या आत कुठल्याही कारणाने बडतर्फ झालेला असेल तर ‘त्या दोन कारणांसाठी नव्हे’ असं निवडणूक आयोगाचं सर्टिफिकेट फॉर्मबरोबर लावायला लागतं. २०१९ ला वाराणसीत बीएसएफचा बडतर्फ जवान तेज बहादूर यादव पंतप्रधानांविरुद्ध उभा राहिला होता, जवानांना निकृष्ट जेवण मिळतं अशा तक्रारीच्या व्हिडिओमुळे गाजलेला, त्याचा फॉर्म याच सर्टिफिकेटपायी उडाला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊनही काही झालं नाही. म्हणजे तुमच्याकडे खरंच माहिती असेल तर जागा व्हॉट्सॲप नाही, छाननीचा दिवस आहे, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर. छाननी होऊन गेली असेल तर निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका, ती त्या मतदारसंघातला मतदारही करू शकतो. हे विधानसभा-लोकसभेचं सांगतोय, ग्रामपंचायत-झेडपीचे नियम वेगळे आहेत.

उलट बाजूही ऐका. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं आहे हे माहीत असून छापलं-पसरवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा होतो, आणि उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने तसं केलं असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली त्याची निवडच रद्द होऊ शकते. तुमच्या ग्रुपच्या ॲडमिनला हे वाचून दाखवा.

प्रश्न (चिपळूण): एकजण नावापुढे ‘कॅप्टन’ लावतो. आमच्या ओळखीचा एक हवालदार सांगतो की हा तर सुभेदार होता, कॅप्टन कसा? खोटारडा आहे का?

उत्तर: घाई करू नका. सुभेदार मेजर किंवा सुभेदार पदावर लांब सेवा केलेल्या चांगल्या माणसांना निवृत्तीच्या आसपास, प्रजासत्ताक दिनाला किंवा स्वातंत्र्यदिनाला, ऑनररी, म्हणजे मानद, लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन करतात. ते खरं आहे, राजपत्रात येतं, आणि फार थोड्यांना मिळतं. तसंच हवालदार रिटायर होताना ऑनररी नायब सुभेदार होऊ शकतो. त्याच्या गल्लीतल्या लोकांना तो आयुष्यभर हवालदार म्हणून माहीत असतो, मग ते म्हणणारच की हा कधी नायब सुभेदार झाला. फक्त अशा माणसाने नावामागे ‘ऑनररी’ लिहावं आणि शेवटी ‘निवृत्त’ लिहावं, तेवढं लिहिलं नाही की शंकेला वाट मिळते. आपल्याकडे तर बोटीचा कॅप्टनही कॅप्टनच, त्याचा फौजेशी संबंध नाही, तेही एकदा विचारून घ्या.

हुद्द्याचा वाद किती बारीक असू शकतो ते २०२४ च्या अमेरिकन निवडणुकीत दिसलं. उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ, नॅशनल गार्ड या राखीव फौजेत २४ वर्षं. कमांड सार्जंट मेजर या हुद्द्यावर त्यांनी खरोखर काम केलं, पण त्यासाठीचा कोर्स पूर्ण नव्हता म्हणून पेन्शनच्या कागदावर एक पायरी खालचा मास्टर सार्जंट हुद्दा आला. मग ‘निवृत्त कमांड सार्जंट मेजर’ लिहिणं चूक, ‘त्या पदावर काम केलं’ म्हणणं बरोबर. त्याशिवाय त्यांनी एकदा ‘मी युद्धात बाळगलेली हत्यारं’ असं म्हटलं होतं, आणि ते लढाईत गेलेले नव्हते. हे दुसरं मला जास्त गंभीर वाटतं. हुद्द्याची अर्धी पायरी समजून घेता येते, पण न बघितलेली लढाई बघितली म्हणणं नाही.

आणि रेकॉर्ड म्हटलं म्हणजे देवाचा शब्द असंही नाही हं. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख असताना त्यांच्याच जन्मतारखेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला होता, सैन्याच्या एका शाखेत १९५० आणि दुसऱ्या शाखेत १९५१. प्रमुखाच्या फाइलमध्ये असं होतं, तर नाईक-हवालदाराच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या सेवेच्या नोंदींच्या कागदात, एखादी नोंद चुकलेली असू शकते, आम्ही क्लार्क लोक पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटकडून येणाऱ्या नोंदी, हातानेच चढवायचो. तेव्हा एका ओळीवरून कुणाला फासावर चढवू नका, दोन कागद जुळवून बघा.

प्रश्न (सावंतवाडी): भाषणात समोरच्या नेत्याने सांगितलं, “हा कसला फौजी, हा तर मेसमध्ये भाकऱ्या भाजायचा.” लोक हसले. मला वाईट वाटलं, माझे वडीलपण फौजेत कूक होते. याला उत्तर काय द्यायचं?

उत्तर: ताई, तुम्ही आंबोली-चौकुळच्या पट्ट्याच्या जवळ राहता, तिथे घराघरात फौजी. त्या गावांत जाऊन हे वाक्य बोलून बघा म्हणावं त्या नेत्याला.

३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनला सोनम चौकीवर हिमकडा कोसळला, १९,६०० फूट उंची, दहा जण गाडले गेले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला एक नर्सिंग असिस्टंट होता. त्याचं काम गोळी झाडायचं नव्हतं, जवानांना औषधं द्यायचं होतं. बर्फाने काही विचारलं नाही की तू लढणारा का औषधवाला. फौजेत कूक, ड्रायव्हर, न्हावी, धोबी, क्लार्क, सिग्नलवाला, सगळ्यांनी भरती झाल्यावर रायफल चालवायचं ट्रेनिंग घेतलेलं असतं आणि पलटण पुढे गेली की लंगर पलटणीमागोमाग जातो. उंचावर स्टोव्ह पेटत नाही, भात शिजत नाही, तिथे चहाचा मग हातात देणारा माणूस जवानाला कोण वाटतो ते त्या नेत्याला कळणार नाही.

तुमचे वडील फौजी होते, पूर्ण फौजी. तो उमेदवार कूक असताना स्वतःला कमांडो म्हणवत असेल तर ती टीका करा, जरूर करा, खोटेपणावर करा. कामावर नाही. आणि सभेत हसलेल्या लोकांत ज्यांच्या घरातलं कोणी फौजेत आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या नेत्याला तोंडावर सांगायला पाहिजे होतं.

प्रश्न (राजापूर): खोटं बोलून फौजी म्हणवणाऱ्याला शिक्षा नाही का? आणि फौजी माणूस चांगला आमदार होतोच का?

उत्तर: पहिल्याचं उत्तर ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. उमेदवार जे प्रतिज्ञापत्र देतो, फॉर्म २६, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्नाचा स्रोत एवढं असतं. फौजेतल्या नोकरीसाठी वेगळा रकाना नाही. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं किंवा माहिती लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पण सभेत किंवा बॅनरवर स्वतःची फुशारकी मारली तर त्याला सरळ लागू होईल असं कलम नाही. सैनिक नसताना सैनिक वाटावा म्हणून वर्दी किंवा सैनिकाचा बिल्ला घातला तर न्याय संहितेचं कलम १६८ आहे, तीन महिन्यांपर्यंत.

म्हणून निवडणूक आयोगाच्या ‘केवायसी’ (नो युअर कँडिडेट, बँकेचं नव्हे) ॲपवर किंवा साइटवर प्रतिज्ञापत्र उघडून उत्पन्नाचा स्रोत वाचा. लष्करी पेन्शन लिहिलीय का? नसेल तर लगेच निष्कर्ष नको, जवानाला पेन्शनला १५ वर्षं लागतात आणि अधिकाऱ्याला २०, त्याआधी सुटलेल्याला सहसा ती नसते. पण बॅनरवर ‘२२ वर्षं देशसेवा’ आणि प्रतिज्ञापत्रात पेन्शनचा पत्ता नाही, असं दिसलं तर विचारायलाच पाहिजे.

अमेरिकेतसुद्धा हे सोपं नाही. कॅलिफोर्नियात पाणीवाटप बोर्डाचा एक निवडून आलेला सदस्य, आपल्याकडची पाणीपुरवठा समिती म्हणा हवं तर, मीटिंगमध्ये उठून म्हणाला की मी पंचवीस वर्षं मरीन, म्हणजे तिथल्या नौसैनिक पायदळात, होतो आणि मला सर्वोच्च शौर्यपदक मिळालंय. दोन्ही साफ खोटं. २००५ च्या कायद्याखाली खटला झाला, आणि २०१२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायदाच रद्द केला, म्हणे नुसतं खोटं बोलणं हा गुन्हा धरता येत नाही. २०१३ ला नवीन कायदा आला, त्यात खोट्या पदकावर पैसा किंवा फायदा उकळला तरच गुन्हा. मला विचाराल तर मत हाही फायदाच आहे, सगळ्यात मोठा. आपल्या फॉर्म २६ मध्ये एक रकाना वाढवला तरी पुष्कळ काम होईल: सैन्यसेवा असल्यास कालावधी, शेवटचा हुद्दा, सुटकेचं कारण. मग खोटं बोलणारा आपोआप १२५अ मध्ये अडकेल.

दुसऱ्याचं उत्तर थोडक्यात. तुमच्याच राजापूर लोकसभेने १९९१ ला मेजर सुधीर सावंतांना निवडून दिलं आणि मधु दंडवत्यांसारखा माणूस हरला. आणि २०१७ ला पंजाबात पतियाळामध्ये आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग उभे होते, ते हरले कॅप्टन अमरिंदर सिंगांकडून. वर्दी बघून मत देणारे आहेत, काम बघून देणारेही आहेत. रस्ता, पाणी, दवाखाना यांचं तो काय करणार ते वेगळं विचारा.

प्रश्न (मंडणगड): अग्निवीर चार वर्षं करून आला आणि ग्रामपंचायतीला उभा राहिला तर ‘माजी सैनिक’ लिहू शकतो का?

उत्तर: सरकारी अर्थाने नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी सुटणाऱ्याला पेन्शनही नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ‘माजी अग्निवीर’ लिहावं. पोरगा चार वर्षं बर्फात राहून आला असेल तर त्याला तेवढा मान द्या, मंडणगड तालुका तर सुभेदार रामजी सकपाळांच्या आंबडव्याचा.

प्रश्न (खेड): माझे पती सेवेत असताना गेले. आता एका पक्षाने गावच्या चौकात त्यांचा वर्दीतला फोटो उमेदवाराच्या शेजारी लावलाय, खाली ‘वीरांचा वारसा’. आम्हाला कोणी विचारलं नाही. दीर म्हणतात गप्प बसा, तो उमेदवार गावातलाच आहे. काय करू?

उत्तर: ताई, गप्प बसू नका. हे तुमच्या भावनेचं प्रकरण आहेच, पण नियमाचंही आहे. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ ला सगळ्या पक्षांना लिहून कळवलंय की सैनिकांचे फोटो प्रचारात, जाहिरातीत वापरू नका, आणि ९ मार्च २०१९ ला परत तीच सूचना काढली. घरच्यांची परवानगी असती तरी प्रचारात चालणार नव्हतं, इथे तर तीही नाही.

आधी पुतण्याला सांगून बॅनरचा फोटो काढून घ्या, चौक आणि आजूबाजूची दुकानं दिसतील असा. त्याच्याच मोबाइलवर आयोगाचं ‘सी-व्हिजिल’ ॲप असेल तर जागेवर उभं राहून त्यातूनच फोटो पाठवा, तिथे १०० मिनिटांत कारवाईची अपेक्षा धरलेली असते. १९५० या नंबरवर फोनही होतो. त्याशिवाय एक साधा अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या नावाने लिहा: मी अमुक यांची पत्नी, अमुक चौकात अमुक पक्षाच्या बॅनरवर माझ्या पतींचा वर्दीतला फोटो वापरलाय, आम्ही संमती दिलेली नाही, काढून टाकावा. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या शिक्क्यासकट. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना द्या, त्यांच्याकडे तुमची नोंद असणारच आणि असल्या वेळी त्यांचा एक फोन पुष्कळ काम करतो.

दिरांना सांगा की अर्ज उमेदवाराविरुद्ध नाही, बॅनरविरुद्ध आहे. तो गावातलाच असेल तर त्याला आधी घरी बोलावून सांगितलंत तरी चालेल, कदाचित रात्रीत उतरवेल. नाही उतरवला तर सकाळी तहसीलला जा, एकट्या जाऊ नका, बरोबर वॉर्डातल्या दोन बायका घ्या. अर्ज लिहायला अडचण आली तर या मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी लिहून देतो.